वाळवंटात फोटो काढायचे तर आधी वाऱ्याशी ओळख करून घ्या

रात्रभर वारा वाहतो आणि पहाटे पडतो. अशा सकाळी वाळूच्या टेकड्या कुणीतरी नुकताच हात फिरवून गुळगुळीत केल्यासारख्या दिसतात. कुठे एक पाऊल नाही, चाकाची खूण नाही. माझ्या पहिल्याच वाळवंटी सकाळी मला असं दृश्य मिळालं आणि मी ते दहा मिनिटांत घालवलं. अंधारात धापा टाकत वर चढले, माथ्याच्या धारेवरून शेवटपर्यंत चालत गेले, आणि ऊन आल्यावर वळून पाहिलं तर त्या सुंदर वळणावर माझ्याच पावलांची रांग. ती पुसायला आणखी एक वाऱ्याची रात्र हवी होती, आणि माझ्या हाती तेवढी एकच सकाळ होती.

टेकडीला आकार वारा देतो. तिची उभी बाजू कुठल्या दिशेला असेल हे तोच ठरवतो, पावलं तोच पुसतो आणि कॅमेऱ्यात वाळूही तोच भरतो. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला मी कॅमेऱ्याच्या सेटिंगपासून नाही, वाऱ्यापासून सुरुवात करायला सांगते.

पायरी १ : टेकडीची उभी बाजू शोधा

वाऱ्याने रचलेल्या टेकडीला दोन बाजू असतात. ज्या अंगाने वारा येतो ते अंग लांबट, निवांत उताराचं, साधारण दहा-पंधरा अंशांचं आणि पायाखाली बऱ्यापैकी घट्ट. वारा वाळूचे कण ढकलत माथ्यापर्यंत नेतो आणि पलीकडे टाकतो. तिथं ते साचतात आणि भार झाला की घरंगळतात. ही पलीकडची बाजू उभी. कोरडी वाळू ३४ अंशांच्या आसपासच्या उतारापेक्षा जास्त उभी राहूच शकत नाही, म्हणून जगात कुठेही गेलात तरी घसरत्या बाजूचा उतार जवळपास तेवढाच सापडेल. दोन्ही बाजू मिळतात तिथं सुरीच्या पात्यासारखी धार तयार होते. आपल्याला हवा असतो तो फोटो बहुतेक वेळा या धारेचाच असतो. एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला सावली आणि मधून वळत गेलेली एक रेघ.

हा ३४चा आकडा लक्षात ठेवा, तो घड्याळासारखा वापरता येतो. उभ्या बाजूचं तोंड सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असेल, तर सूर्य ३४ अंश वर चढेपर्यंत ती बाजू सावलीत राहते. विषुववृत्ताजवळ मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास सूर्य तासाला जवळजवळ १५ अंश चढतो, म्हणजे सूर्योदयानंतर सुमारे सव्वादोन तास ही सावली टिकते. विषुववृत्तापासून लांब गेलं की सूर्य तिरका चढतो आणि हा वेळ वाढतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या ग्रेट सँड ड्यून्समध्ये डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य २९ अंशांच्या आसपासच असतो. तिथं उत्तरेकडे तोंड असलेली घसरती बाजू दिवसभर सावलीत असते. त्यामुळे 'सूर्योदयानंतर अर्ध्या तासात गाशा गुंडाळा' हा नेहमीचा सल्ला मला अर्धवट वाटतो. सोनेरी रंग लवकर उतरतो हे खरं, पण आकार पुढेही बराच वेळ टिकतो.

सकाळी जायचं की संध्याकाळी, याचंही उत्तर इथंच मिळतं. वारा मुख्यतः पश्चिमेकडून येत असेल तर उभी बाजू पूर्वेला असते. सकाळचं ऊन थेट तिच्यावर पडतं आणि टेकडी चपटी दिसते, म्हणून तिथं संध्याकाळ साधा. वारा पूर्वेकडचा असेल तर उलट. हे घरबसल्या उपग्रहाच्या नकाशावर कळतं. भूगोलात ज्यांना बारखाण म्हणतात त्या चंद्रकोरीसारख्या टेकड्या दिसल्या की कोरीची दोन टोकं बघा. वारा जिकडे जातो तिकडे ती रोखलेली असतात आणि उभी बाजू त्या दोन टोकांच्या मध्ये, कोरीच्या पोटात असते. जिथं वारा ऋतूनुसार दिशा बदलतो तिथं मात्र ताऱ्यासारख्या, तीन-चार धारा फुटलेल्या टेकड्या तयार होतात. नामिबियातल्या सोसुसव्लेईच्या परिसरात आणि कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतल्या मेस्किट फ्लॅटवर अशा टेकड्या आहेत. तिथं कुठली ना कुठली धार सावली देतेच, म्हणून नवख्याला त्या जागा सोप्या जातात.

हाच हिशेब हाताच्या अंतरावर करून बघा. सकाळी टेकडीच्या मंद उतारावर गुडघे टेकून बसा. वाळूवर लहरी उमटलेल्या असतात, साधारण एक सेंटीमीटर उंच, आणि दोन लहरींमध्ये दहा-बारा सेंटीमीटरचं अंतर. सूर्य ५ अंशांवर असताना एक सेंटीमीटरच्या लहरीची सावली अकरा सेंटीमीटर लांब पडते, म्हणजे थेट पुढच्या लहरीच्या पायथ्यापर्यंत. त्या वेळी वाळूवर फक्त माथ्यांच्या उजळ रेघा दिसतात. सूर्य १० अंशांवर आला की सावली सहा सेंटीमीटरच्या आत येते, अर्धी पट्टी उजेडाची आणि अर्धी काळोखाची. मला ही वेळ सगळ्यांत आवडते. सूर्य आणखी चढला की सावल्या आखडतात आणि थोड्याच वेळात लहरी जवळजवळ नाहीशा होतात. वाळू तीच असते, पण फोटोत दाखवायला काही उरत नाही. म्हणून लहरींचे फोटो आधी उरकून घ्या आणि मोठ्या धारांकडे मग वळा.

पायरी २ : हवामानाच्या अंदाजात तापमानाआधी वारा बघा

ब्रिटिश लष्करातले इंजिनीअर राल्फ बॅग्नॉल्ड यांनी १९२० आणि १९३०च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात मोटारींतून प्रवास केला आणि पुढे वाळू वाऱ्याने कशी सरकते याचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. वाळूचा कण धुळीसारखा हवेत तरंगत नाही, तो उड्या मारत जातो. उडतो, पुढे पडतो, पडताना दुसऱ्या कणांना उडवतो. त्यामुळे उडणाऱ्या वाळूचा मोठा भाग जमिनीलगत, साधारण गुडघ्याच्या खाली असतो. कमरेच्या वर येते ती मुख्यतः बारीक धूळ. फोटोग्राफरने यातून घ्यायचं ते इतकंच की वारा असताना कॅमेरा छातीच्या उंचीवर ठेवायचा. खाली बसून, पोटावर झोपून घ्यायचे कोन वारा पडलेला असताना घ्यायचे.

कोरडी वाळू हलायला साधारण ताशी २० किलोमीटरचा वारा लागतो. अंदाजात १५च्या आत आकडा असेल तर निर्धास्त जा. २० ते ३०मध्ये धारेवरून वाळूचे पदर उडताना दिसतात. तो देखावा विलक्षण असतो, पण तयारीनिशी जाण्याचा. ४०च्या पुढे नवख्याने कॅमेरा बॅगेतून काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अंदाजात झोतांचा वेग वेगळा दिलेला असतो, तो नक्की बघा. सरासरी १५ आणि झोत ४० असेल तर लेन्सवर वाळू झोताचीच बसणार.

आदल्या दिवसाचा वाराही बघा. गर्दीच्या जागी तर तो उद्याच्या अंदाजाइतकाच महत्त्वाचा, कारण रात्री वारा झाला नसेल तर काल आलेल्या सगळ्यांची पावलं सकाळी तशीच असतात. बऱ्याच वाळवंटांत पहाटे हवा शांत असते आणि जमीन तापली की दुपारनंतर वारा जोर धरतो, हेही हिशेबात धरा.

पायरी ३ : सामान थोडं न्या, पण नीट बांधून न्या

लेन्स बदलायची वेळच येऊ देऊ नका. हा या लेखातला सगळ्यांत कडक नियम. दोन कॅमेरे असतील तर एकाला २४-७० मिलीमीटरसारखी मधली आणि दुसऱ्याला ७०-२०० किंवा १००-४००सारखी लांब लेन्स लावून निघा. एकच कॅमेरा असेल तर लांब लेन्स लावा. नवख्याला वाटतं एवढं विशाल दृश्य आहे तर सगळ्यांत रुंद लेन्स हवी. रुंद लेन्सने मात्र टेकड्या दूर ढकलल्या जातात आणि फोटोत निम्मी वाळू, निम्मं रिकामं आकाश येतं. लांब लेन्स एकामागची एक धार जवळ आणून रचते, शिवाय इतरांची पावलं चौकटीबाहेर ठेवता येतात. रुंद लेन्स पायाशी लहरी सुंदर असतील तेव्हाच कामाची.

बदलावीच लागली तर गाडीत, काचा बंद करून बदला. तेही शक्य नसेल तर मोठी स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी घ्या, वाऱ्याकडे पाठ करा, दोन्ही हात आत घाला आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून बदला. मी एकदा 'वारा नाहीच' असं समजून उघड्यावर लेन्स बदलली. झूमची रिंग फिरवताना जो करकर आवाज आला तो अजून कानात आहे.

पाण्यापासून आणि धुळीपासून संरक्षण आहे असं कॅमेऱ्याच्या माहितीत लिहिलेलं असलं तरी त्यावर सगळा भार टाकू नका. काही लेन्सच्या बाबतीत बनवणारेच सांगतात की पुढे फिल्टर लावल्याशिवाय हे संरक्षण पूर्ण होत नाही. म्हणून साधा पारदर्शक फिल्टर लावा. एरवी मी असा फिल्टर वापरत नाही, वाळूत मात्र कधीच काढत नाही. वाळू बहुधा क्वार्ट्झची असते आणि क्वार्ट्झची कठीणता मोहस् मापावर ७, तर काचेची साडेपाचच्या आसपास. म्हणजे वाळू काचेला ओरखडते. ओरखडा फिल्टरवर जावा, लेन्सवर नको. झूम करताना ज्यांची नळी बाहेर येते अशा लेन्स हवा आत ओढतात आणि हवेबरोबर धूळही. तुमची लेन्स तशी असेल तर वाऱ्यात झूम कमी फिरवा, जागा पायांनी बदला.

कॅमेऱ्याला पावसाळी कव्हर घाला. नसेल तर जाड पारदर्शक पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून रबर बँडने आवळा. मेमरी कार्डाचं आणि बॅटरीचं झाकण, केबलच्या खाचा यांवर कागदी चिकटपट्टी लावा. मोठं कार्ड आणि पूर्ण भरलेली बॅटरी घालून निघालात की ही झाकणं उघडावीच लागत नाहीत. बॅग वाळूवर ठेवायची नाही, पाठीवरून पुढे फिरवून उघडायची. ठेवायचीच असेल तर खाली कापड अंथरा आणि चेन लगेच बंद करा, कारण चेनमध्ये वाळू गेली की ती पुन्हा धड चालत नाही.

ट्रायपॉड उघडताना सगळ्यांत खालची, बारीक नळी आधी पूर्ण काढा, म्हणजे तिचा सांधा वाळूच्या वर राहतो. मग पाय दाबून रोवा, थांबेपर्यंत. वाळूवर नुसता टेकवलेला ट्रायपॉड प्रत्येक फोटोबरोबर थोडा थोडा खचतो आणि फोटो हलका धुरकट येतो, कारण मात्र कळत नाही.

पायरी ४ : अंधारात पोचा, पायथ्याने फिरा

शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी जागा पाहून ठेवा. पाहताना दोन गोष्टी मनात पक्क्या करा, उद्या कुठली धार हवी आहे आणि तिथपर्यंत तिला न शिवता कसं जायचं. सूर्य कुठून उगवणार हे फोनवरच्या सूर्याची दिशा दाखवणाऱ्या ॲपमध्ये दिसतं.

सकाळी सूर्योदयाच्या निदान पाऊण तास आधी टेकड्यांत असावं. टेकड्यांमधल्या खोलगट भागातून, हव्या त्या धारेला लांबून वळसा घालून जा. चढायचं तर मंद बाजूने. उभ्या बाजूने चढलात तर दोन पावलं वर आणि एक खाली, आणि ज्या सावलीचा फोटो काढायचा तिच्यावरच चर पडतो. वर उभं राहायला अशी टेकडी निवडा जी तुमच्या फोटोत येणार नाही. बरोबर कोणी असेल तर कोण कुठून जाणार हे गाडीपाशीच ठरवून घ्या. तिथं पोचल्यावर हाका मारून काही उपयोग होत नाही, तोवर पावलं उमटलेली असतात.

गाडीची जागा फोनमध्ये खूण करून ठेवा आणि इंटरनेट नसतानाही चालणारा नकाशा आधीच उतरवून घ्या. आपल्याच पावलांवरून परत येऊ हा भरवसा धरू नका, वारा सुटला तर अर्ध्या तासात ती नाहीशी होतात आणि सगळ्या टेकड्या सारख्या दिसू लागतात. टेकड्यांवर उगवलेल्या गवताच्या जुड्यांवर पाय देऊ नका, तेवढ्या मुळांवर तिथली वाळू धरून असते. आणि ड्रोन नेण्याआधी नियम बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४पासून ड्रोनला बंदी आहे.

पायरी ५ : उजेड मोजताना कॅमेऱ्याचं सगळं ऐकू नका

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. फिकट वाळू त्याहून बरीच उजळ असते, म्हणून तो फोटो काळवंडतो आणि वाळू चिखलासारखी येते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, +२/३ ते +१ स्टॉपवर (एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट) ठेवून सुरुवात करा. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सची वाळू जिप्समची, जवळजवळ बर्फासारखी पांढरी. तिथं +१.५ ते +२ स्टॉपही लागतात. नामिबच्या लालसर टेकड्यांना मात्र फारसं काही द्यावं लागत नाही. मोठी टेकडी सावलीत असेल तर उलट कमी करावं लागतं, नाहीतर मीटर त्या सावलीला उजळवायला जातो आणि उन्हातली वाळू पांढरी फटक होते.

कडक उन्हात मागचा स्क्रीन धड दिसत नाही, त्यावरून उजेड ठरवू नका. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख, बघा, आणि तिन्ही रंगांचा वेगवेगळा दाखवणारा असेल तर तोच लावा. सूर्योदयाच्या वेळी लाल वाळूत लाल रंगाचा आलेख आधी उजव्या भिंतीला टेकतो, एकूण आलेख मात्र ठीक दिसत असतो. घरी गेल्यावर कळतं की धारेवरचं सगळं बारीक काम एका सपाट नारिंगी डागात विरघळलंय. लाल टेकताना दिसला की एक तृतीयांश स्टॉप कमी करा.

बाकी आकडे सोपे आहेत. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) १०० किंवा २००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तेवढं ते लहान) एफ/८ ते एफ/११. एफ/१६च्या पुढे गेलात तर तपशील मऊ पडतात आणि सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण आकाशात काळा ठिपका होऊन दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर नको, डेलाइटवर ठेवा. उन्हातली वाळू उबदार आणि सावली निळसर, कारण सावलीला उजेड फक्त आकाशाचा मिळतो. हा निळा-सोनेरी फरकच या फोटोंचा प्राण आहे आणि ऑटो तो पुसून टाकायला बघतो. वाऱ्यात ट्रायपॉडवरही शटर फार मंद ठेवू नका. आयएसओ ४०० केलेला स्पष्ट फोटो हा आयएसओ १००च्या हललेल्या फोटोपेक्षा कधीही बरा.

आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टर न्यायचा तर न्या, पण रुंद लेन्सवर त्याने आकाशाचा एकच पट्टा गडद होतो आणि ते विचित्र दिसतं.

पायरी ६ : चौकटीत काय ठेवायचं

एका फोटोत एकच धार. नवख्याच्या फोटोंत बहुधा पाच-सहा धारा, झुडपं, आकाश आणि क्षितिज सगळं एकदम असतं आणि नजर कुठेच ठरत नाही. एक धार निवडा आणि ती चौकटीत कुठून शिरते, कुठून बाहेर पडते ते ठरवा. ती कोपऱ्यातच संपत असेल तर कॅमेरा जरासा सरकवा. आकाशात ढग नसतील तर आकाश जवळजवळ सगळं काढून टाका.

रंग बाजूला ठेवूनही बघा. एडवर्ड वेस्टन यांनी १९३६मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओशिएनोच्या टेकड्यांचे कृष्णधवल फोटो काढले. त्यांत सावलीचे काळे आकार वाळूइतकेच जिवंत आहेत. कॅमेऱ्याचा स्क्रीन तासभर कृष्णधवल करून चालत राहा. रॉ फाइलमध्ये रंग शिल्लक असतातच, पण डोळा आकार शोधायला लागतो. मला स्वतःला सगळ्यांत जास्त शिकवलं ते या एका सरावाने.

उंची दाखवायची तर माणूस हवा, तोही लहानसा. तो नसला तर टेकडी दहा मीटरची की दोनशे मीटरची हे फोटोत कळत नाही. त्याला धारेवर उभं करायचं तर शेवटी, बाकीचे फोटो काढून झाल्यावर. उजेडाचा सगळा खेळ एकाच ठिकाणी बघायचा असेल तर नामिबियातलं डेडव्लेई. पांढऱ्या मातीचं कोरडं तळं, त्यात शतकांपूर्वी वाळून उभी राहिलेली काळी झाडं आणि मागे लाल टेकडी. सकाळी एक वेळ अशी येते की तळं अजून सावलीत असतं आणि मागच्या टेकडीवर ऊन आलेलं असतं. लांब लेन्सने झाडं त्या टेकडीसमोर धरली की फोटो रंगवलेल्या चित्रासारखा वाटतो. तिथं धावतपळत पोचणारे बरेच जण ती वेळ चुकवतात.

पायरी ७ : वारा सुटला की

पदर उडायला लागले की घाबरून कॅमेरा लगेच आत टाकू नका, सामान बांधलेलं असेल तर हीच दुर्मीळ वेळ. धारेपासून चाळीस-पन्नास मीटर लांब राहा आणि लांब लेन्स लावा. सूर्य धारेच्या पलीकडे असेल आणि मागे सावलीतली दुसरी टेकडी असेल तर उडणारी वाळू मागून उजळते आणि काळ्या पार्श्वभूमीवर पेटल्यासारखी दिसते. १/५०० सेकंदाला कण वेगळे चमकतात, १/३०ला त्याच वाळूचा रेशमी पडदा होतो. दोन्ही घ्या. सूर्य चौकटीत घ्यायचा नाही. लांब लेन्समधून तो सेन्सरला आणि आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्याला इजा करतो. दोन फोटोंच्या मध्ये टोपण लावा.

उभं राहताना पाठ वाऱ्याकडे. लेन्स वाऱ्याच्या तोंडावर धरून काढलेला फोटो मला तरी आजवर त्या किमतीचा वाटलेला नाही. डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल हवा, कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी नकोच.

क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली तर फोटोचा मोह सोडा आणि गाडीकडे निघा. वाटेत गाठलंच तर उभ्या बाजूच्या पायथ्याशी आडोसा घेऊ नका, वाळू तिथंच येऊन पडते. नाक-तोंड कापडाने झाका, वाऱ्याकडे पाठ करून खाली बसा आणि दिसेनासं झालं असेल तर चालत राहू नका. गाडी चालवताना वादळ आलं तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला घ्या, दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. नाहीतर मागचा माणूस तुमचे लाल दिवे बघून तोच रस्ता समजतो आणि येऊन आदळतो.

पायरी ८ : दुपार शरीराची आणि कॅमेऱ्याची जपा

बहुतेक कॅमेरे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच वापरावेत असं त्यांच्या माहितीपत्रकात असतं. उन्हाळ्यात वाळूचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर जातो. कॅमेरा फिकट कापडात गुंडाळा, काळ्या बॅगेत उन्हात ठेवू नका आणि बंद गाडीत तर मुळीच नको. फोन त्याआधीच तापून बंद पडतो आणि तुमचा नकाशा त्यातच असतो, म्हणून तो खिशात सावलीला ठेवा. तापलेल्या हवेतून लांब लेन्सने काढलेले फोटो थरथरल्यासारखे येतात. ट्रायपॉडने किंवा महागड्या लेन्सने ते सुधारत नाही. दुपारी विश्रांती घ्या. हिवाळ्यात रात्री मात्र पारा शून्याजवळ जाऊ शकतो, तेव्हा जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवा.

पाण्याबाबत मी कुणाशी वाद घालत नाही. व्हाइट सँड्सच्या उद्यानात माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी न्यायला सांगतात, आणि तापमान ३० अंशांवर असेल तर चालायला सुरुवातच करू नका असं बजावतात. निम्मं पाणी संपलं की परत फिरायचं, समोर कितीही सुंदर धार असली तरी. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे ही थांबायची खूण. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. सावली करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी घालून वारा घाला आणि तातडीने मदत बोलवा. तिथं पाणी पिण्याइतकंच अंगावर ओतण्यासाठीही लागतं.

पायरी ९ : परतल्यावर, पुसण्याआधी

हात आधी धुवा. कॅमेरा कापडाने पुसायची पहिली इच्छा होते ती आवरा, कारण कापडाखाली अडकलेला एक कण म्हणजे पॉलिश पेपर. क्रम असा : रबरी ब्लोअरने हवा, मग मऊ ब्रश, पुन्हा हवा, आणि कण दिसेनासे झाल्यावर शेवटी किंचित ओलसर कापड. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे जातात. दाबाखालच्या हवेचा डबा सेन्सरजवळ आणि लेन्सच्या सांध्यांवर वापरू नका, तो धूळ आणखी आत ढकलतो. चिकटपट्ट्या काढून झाकणं उघडण्याआधी त्यांच्या कडांवर ब्रश फिरवा. हे सगळं करेपर्यंत लेन्स कॅमेऱ्यावरच राहू द्या.

ट्रायपॉडचे सांधे उघडून कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. बॅग रिकामी करून उलटी झटका, तळाच्या शिवणीत वाळू दडून बसते आणि पुढच्या वेळी नेमकी लेन्सच्या मागच्या काचेवर येते.

सगळं साफ झालं की कोऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा एक फोटो एफ/१६ला, फोकस मुद्दाम चुकवून घ्या आणि मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. कॅमेऱ्याची स्वतःची सफाई दोन-तीनदा चालवा आणि ब्लोअरने कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून हवा मारा. तरीही ठिपके जागचे हलले नाहीत तर स्वतः घासू नका, जाणकाराकडे द्या. प्रवास अजून बाकी असेल तर दुसऱ्या दिवशी ॲपर्चर एफ/८च्या आसपास ठेवा, ठिपके इतके फिकट होतात की बहुतेक फोटोंत दिसतही नाहीत.